छाट

कॉम्रेड शालिक बोपचे अठरा दिवस तिकडे राहून आले
आणि तिरोड्याच्या स्टेशनवर उतरले तेव्हा अंगात कोट,
गुडघ्यापर्यंत. चैत्र लागला होता.
बायांना वाटलं, आजारी पडून आले.

दुसऱ्या दिवशी विडी कारखान्याच्या आवारात सभा.
सभा म्हणजे काय, सुपं मांडीवर होतीच,
हात चालू, तोंडं तेवढी वर.
जमिनीखाली रेल्वे, तिच्या स्टेशनांना झुंबरं,
पोरांना दूध, म्हाताऱ्यांना पेन्शन,
आणि मालक नाही.
शोधला, सापडला नाही, म्हणाले.

पंचफुला, माझी माय, दातानं दोरा तोडत बोलली,
"मंग छाट कोन करते जी तिथं?"

छाट म्हणजे, तुम्हाला सांगायला हवं,
हजार विड्या वळून न्यायच्या, सट्टेदारानं मूठ मूठ उचलायची,
ही सैल, ही वाकडी, दीडशे बाजूला.
पैसे साडेआठशेचे.
बाजूच्या दीडशे संध्याकाळी त्याच बंडलात.

"तपासनीस असतात. सरकारचे."
"त्यायनं अन्याव केला त?"
"युनियन आहे ना."
"कोनाची?"
बोपचेंनी कोटाचं बटण चाचपलं.
"पक्षाची. सरकारही पक्षाचंच, बाई. सगळं आपलंच."
माय नवं पान पुसत होती.
"म्हंजे सट्टेदार आन् युनियन एकाच घरी रायते म्हना की.
चूल तरी येगळी हाये का?"

बाया हसल्या. बोपचेही हसले.
सदतीस दिवसांच्या संपात पोलिसांनी त्यांचा हात मोडला होता,
कोपरात तो पुन्हा सरळ झाला नाही.
हेही खरं आहे, आणि हे मी आधी सांगायला हवं होतं.

खूप वर्षांनी, ऑफिसात, वीज गेलेली,
ते मला म्हणाले, हेमराज,
तिथल्या सूतगिरणीत एका बाईला मी विचारलं,
शेवटचा संप कधी केला होता?
दुभाषा काहीतरी बोलला. ती खिडकीकडे बघून
बराच वेळ बोलली.
दुभाषा म्हणाला, यंदा बर्फ फार आहे, म्हणते.
बर्फाचं सांगताना कोणाचा आवाज
इतका खाली येत नाही रे.
मग म्हणाले, हे लिहू नको.
इतिवृत्त मी लिहायचो. हे लिहिलं नाही.

त्याच साली वार्षिक सभा.
सरचिटणीस म्हणून बोपचे, बाविसाव्यांदा.
विरोधात कोणी?
हे असं विचारलं, जसं गंजावर झाकण ठेवून
विचारतात, भात वाढू का अजून.
दोनशे अकरा हात वर.
मायचा मांडीवर. बोटात दोरा तसाच.
तिनं काही म्हटलं नाही, कोणी तिला काही म्हटलं नाही,
आणि मी लिहिलं: एकमताने.
रात्री चुलीशी तिनं विचारलं,
"लिवलं का, माहा हात नोयता म्हून?"
तिला वाचता येत नव्हतं.
लिवलं माये, म्हणालो.

तो देश गेला तेव्हा डिसेंबर होता.
बोपचेंनी रेडिओ बंद केला, कोट घातला
(पहिल्यांदाच हंगामात)
आणि बैठक बोलावली.
विषय एक: भविष्य निर्वाह निधीची थकबाकी.
विषय दोन: इतर.
तो सगळा देश, झुंबरांसकट, इतरमध्ये बसला.
चर्चा नाही. एकमताने.

आता सुपं नाहीत, सट्टेदाराचा पोरगा मोबाईल विकतो,
मायही नाही.
रजिस्टर माझ्याकडे. वाळवीनं समासाकडून सुरुवात केली आहे,
शब्दापर्यंत अजून पोचली नाही.
काल पेन घेऊन बसलो, तिथं "एक सोडून" लिहावं म्हणून.
तेव्हा लक्षात आलं,
त्या दिवशी माझाही हात वर नव्हता.
लिहीत होता.
तो कोणी मोजत नाही.